तांबेरा जपणारा हात

माझी बायको वैजयंता जाऊन पावणेदोन वर्षं झाली. तिचा उजवा हात मात्र अजून कामावर आहे. माळदेवच्या पठारावर गव्हाच्या तांबेऱ्याचं संशोधन केंद्र आहे. तिथल्या काचेच्या खोलीत तो हात सकाळी आठला चालू होतो आणि संध्याकाळी पाचला थांबतो.

हे सांगितलं की लोक माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघतात. म्हणून सगळं सुरुवातीपासून लिहून काढतो. मला लिहिण्याची सवय नाही. माझं नाव अंकुश थोरात. उंब्रजला फवारणीचे पंप दुरुस्त करायचं माझं दुकान आहे. नोझल साफ करणं, वायसर बदलणं, बॅटरी बघणं, एवढंच मला येतं.

आधी तांबेऱ्याबद्दल सांगतो. तांबेरा ही बुरशी आहे. गव्हाच्या पानावर नाहीतर खोडावर तिचे बारीक फोड येतात आणि त्यातून विटकरीच्या चुऱ्यासारखी भुकटी सुटते. भुकटीचा प्रत्येक कण म्हणजे एक बी. वारा ते शेकडो कोस नेतो. आपल्याकडे गव्हाला मुळात थंडी कमी पडते. पेरणी उशिरा झाली की फेब्रुवारीतच ऊन लागतं, मावा चढतो, वाळवी मुळं खाते, आणि उबदार हवेत काळा तांबेरा खोडावर येतो. मग उभं पीक आठ-दहा दिवसांत मोडून पडतं. दक्षिणेकडच्या उंच डोंगरांत ही बुरशी बाराही महिने जगते आणि वाऱ्याबरोबर इकडे येते. गेल्या वीस वर्षांत हिवाळे आणखी उबदार झाले, तसा तिचा मुक्काम लांबला.

वैजू चोवीस वर्षांची असताना केंद्रात लागली. तिचं काम होतं तांबेरा जिवंत ठेवायचं. या बुरशीला बाटलीत, बशीत काही खायला घालून वाढवता येत नाही. तिला जिवंत गव्हाचं जिवंत पानच लागतं. म्हणून केंद्रात तांबेऱ्याची एकेक जात छोट्या कुंड्यांमधल्या रोपांवर जपतात. रोपं म्हातारी व्हायच्या आत नव्या रोपांवर न्यायची. दर तीन आठवड्यांनी, वर्षानुवर्षं.

सर्जेराव माने माझा शाळेपासूनचा दोस्त. तो म्हणायचा, "थोरातांचं घर भारी हाय. नवरा तांबेरा मारायचा पंप विकतो आणि बायकू तांबेरा पाळती."

काम ऐकायला सोपं होतं. सात दिवसांच्या रोपाचं पहिलं पान दोन बोटांत धरायचं आणि ओल्या बोटांनी खालून वर चोळायचं. गव्हाच्या पानावर मेणाचा पातळ थर असतो, त्यामुळे पाणी ठरत नाही. ते मेण निघालं पाहिजे, पण पान दुखावता कामा नये. जोर जास्त झाला तर पान काळं पडतं, कमी झाला तर बुरशी धरत नाही. मग बारीक सळईच्या टोकानं भुकटी लावायची आणि रात्रभर ओल्या पेटीत ठेवायचं. वैजू दिवसाला हजारभर पानं चोळायची. शंभरातली नव्वद धरायची. दुसऱ्या कुणाची सत्तरच्या वर जात नव्हती.

बोटं मऊ राहावीत म्हणून घरची भांडी मी घासायचो. साबणानं बोटांची कातडी खरबरीत होते असं ती म्हणायची. सव्वीस वर्षं मी भांडी घासली. गल्लीतल्या बायका हसायच्या, आणि पुरुष तर जास्तच हसायचे. आज मला वाटतं, त्या घरात मी केलेलं सगळ्यात चांगलं काम तेच.

*

दोन हजार सदतीस साली केंद्रात डॉक्टर शाहीन मुजावर नावाची मुलगी आली. मिरजेची. वय बत्तीस. वैजूला ती पहिल्या दिवसापासून मावशी म्हणू लागली आणि आठवडाभरात आमच्याकडे जेवायलाही आली.

तिनं शोधलेली गोष्ट मला जेवताना समजावून सांगितली. तिला तांबेऱ्याची एक दुबळी जात सापडली होती. शेतातल्या गव्हाच्या पानात ही जात शिरते, पण तिला फोड काढता येत नाही. फक्त एक फिकट ठिपका उमटतो आणि ती तिथंच मरते. पण तेवढ्यानं रोप जागं होतं. पुढचे पन्नास-साठ दिवस खरा तांबेरा आला तरी रोप त्याला दारातच अडवतं.

"म्हणजे लस," मी म्हणालो.

"लसच, काका. पेरणीनंतर वीस दिवसांनी भुकटी पाण्यात मिसळून एकदा फवारायची. बस."

"आणि मग बुरशीनाशक?"

"लागणार नाही."

"म्हणजे माझं दुकान बंद."

वैजू म्हणाली, "लस काय चमच्यानं पाजणार आहेत? पंप लागणारच की."

अडचण वेगळीच होती. ही दुबळी जात वाढवायलाही जिवंत पान लागायचं. केंद्रातल्या एका नाजूक जातीच्या गव्हावरच ती भुकटी सोडायची, आणि तेही पान अगदी नेमकं चोळलेलं असेल तरच. आठ जिल्ह्यांना पुरेल एवढी भुकटी काढायला वैजूसारखे पाच हात लागले असते. असा हात एकच होता.

म्हणून त्यांनी तिच्या हाताची नोंद घ्यायचं ठरवलं. कांद्याच्या पापुद्र्याएवढा पातळ मोजा होता. त्यात दाब मोजणारे दोनशे बिंदू. तो घालून तिनं नेहमीसारखं काम करायचं. बोट कुठं टेकतं, किती दाबतं, कुठं सैल सोडतं, हे सगळं संगणकात उतरायचं. त्यावरून यंत्राचा हात चालणार होता. मऊ सिलिकॉनची बोटं, पण चाल तिची, आणि न थकता पाच हातांचं काम.

पहिल्या दिवशी घरी येऊन ती म्हणाली, "अहो, माझ्या हाताची झेरॉक्स काढतायत."

"मग मूळ प्रत कुणाकडं राहणार?"

"तुमच्याकडंच की. फक्त भांडी घासायला चालायची नाही."

चौदा महिने नोंद चालली. शेवटच्या तीन महिन्यांत तिला पोटात दुखायला लागलं होतं. तिनं कुणाला सांगितलं नाही, मलासुद्धा नाही. पित्ताशयाचा कर्करोग निघाला तेव्हा उशीर झाला होता. ज्येष्ठात ती गेली. पुढच्या रब्बीला पहिली लस शेतात गेली आणि आठ जिल्ह्यांत काळा तांबेरा दिसला नाही.

*

सव्वा वर्ष मी पठारावर गेलो नाही. नंतर शाहीनचा फोन आला. "काका, एकदा येऊन बघा. नाही बघवलं तर लगेच परत जा. मी काही म्हणणार नाही."

मला वाटलं होतं, हातासारखा हात असेल. तसं काही नव्हतं. लोखंडी दांडा आणि त्याच्या टोकाला तीन राखाडी बोटं. अंगठा आणि दोन बोटं. समोरून पट्ट्यावर कुंड्या सरकत होत्या. बोटं ओल्या स्पंजला टेकायची, पान धरायची, खालून वर जायची.

मी म्हणालो, "ठीक आहे. यंत्र आहे."

तेवढ्यात एक रांग संपली. हात वर उचलला गेला आणि मनगटाला एक हलका झटका बसला.

वैजू अशीच बांगड्या मागं सारायची.

मी तिथल्या स्टुलावर बसलो. शाहीन म्हणाली, "अभियंत्यांनी तो झटका काढून बघितला होता. पण मग पुढच्या रांगेची लय बिघडते. म्हणून ठेवला."

पाच वाजता काम संपलं. मी विचारलं, "बोट देऊ का त्याला?"

शाहीननं मला हात धुवायला लावले, पांढरा कोट दिला, खोलीत नेलं आणि यंत्र पुन्हा चालू केलं. पानाच्या जागी मी माझ्या डाव्या हाताची करंगळी धरली. तीन बोटांनी ती धरली आणि खालून वर चोळली. किती हळू, ते मला सांगता येणार नाही. ज्या दाबानं पान दुखावत नाही, त्या दाबानं माणूस तर दुखावतच नाही.

त्यानंतर मी दर गुरुवारी जायला लागलो. गुरुवारी डोंगराकडच्या गावांना दुरुस्त केलेले पंप पोचवायचे असतात. ते पोचवून पाचच्या सुमारास मी केंद्रावर जायचो. हात धुवायचो, कोट घालायचो आणि पाच मिनिटं करंगळी द्यायचो. नंतर शाहीनबरोबर चहा प्यायचो आणि खाली उतरायचो. तिनं हे वर कुणाला विचारलं नव्हतं. दुसऱ्या कुणी मला एवढं करू दिलं नसतं. त्या पाच महिन्यांत मी पुन्हा वेळेवर जेवायला लागलो, दुकान वेळेवर उघडायला लागलो. मुलगी पुण्याहून फोन करायची तेव्हा म्हणायची, "बाबा, आवाज बरा वाटतोय आता."

*

जानेवारीच्या दुसऱ्या गुरुवारी शाहीनचा चेहरा उतरलेला होता.

"काका, लस बिघडलीय."

रोज एक लॉट निघतो. त्या दिवसाच्या कुंड्या चौदा दिवसांनी मोजतात. किती पानांनी बुरशी धरली ते बघतात. सप्टेंबरपासून मधलेच काही लॉट पडायला लागले होते. शंभरात नव्वदऐवजी चाळीस, कधी पस्तीस. मागणी एवढी होती की पडलेले लॉट चांगल्यांत मिसळून पाठवले गेले. आता दोन तालुक्यांतून काळ्या तांबेऱ्याच्या बातम्या यायला लागल्या होत्या.

"कुठले लॉट?" मी विचारलं.

"सहावा, तेरावा, विसावा. सात-सात दिवसांनी. शुक्रवारचा सगळ्यात वाईट, मग शनिवार-रविवार थोडा बरा, सोमवारी ठीक. गुरुवारी संध्याकाळी पाण्याची टाकी धुतात, म्हणून आम्ही टाकीच बदलली. काही फरक नाही."

"मग?"

ती माझ्याकडे न बघता बोलली. "अभियंत्यांचं म्हणणं आहे की दोष हातात आहे. शेवटची नोंद मावशी आजारी असताना झाली. त्या आजारी हाताची चाल मधेमधे वर येते, असं त्यांना वाटतं. एक फेब्रुवारीपासून संगणकानं तयार केलेला दुसरा हात बसवणार आहेत. त्याची शंभरात पंच्याहत्तर धरतात. कमी आहेत, पण रोज तेवढीच धरतात."

"आणि हिचा?"

"यंत्रातून काढून टाकतील."

त्या दिवशीही मी करंगळी दिली. आता किती गुरुवार उरले ते मोजत दिली. गाडी चालवताना डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. पोटात दुखत असताना तिनं ते काम केलं होतं, आणि आता त्याच दुखण्यावर सगळं ढकलत होते.

*

पुढच्या बुधवारी सर्जेराव दुकानात आला. त्याच्या पांढऱ्या सदऱ्याची बाही कोपरापर्यंत तांबूस झाली होती.

"बघ," त्यानं बाही पुढं केली. "गव्हातनं एक चक्कर मारून आलोय. अडीच एकर. लस मारली होती मी, पिशवीवर लिहिलं तसंच. तरीपण आला भाड्या."

मी बाहीला बोट लावलं. भुकटी बोटाला आली. खोडाचा तांबेरा. आता फवारून अर्धं वाचलं तरी खूप.

"पंप काढ लवकर," तो म्हणाला. "आणि औषध कुठलं मारू ते सांग. आता तुझाच धंदा. तुला बरंच झालं की."

"गप बस, सर्जा."

"आरं गंमत केली." माझ्या हातातल्या नोझलकडे त्यानं बघितलं. मी पिनेनं त्यातला साका काढत होतो. पिवळट औषधाचा थर माझ्या बोटांवर, नखांत बसला होता. तो हसला. "तुझ्या हाताला मात्र तांबेरा कधी धरायचा न्हाई बघ. तीस वर्षं औषधात बुडलेला हात. बुरशी लांबनंच पळून जाईल."

मी पिन खाली ठेवली.

आमच्या संसारात एक गोष्ट होती. ती मी कुणाला सांगितली नव्हती, कारण सांगण्यासारखी नव्हती. कामाच्या दिवसांत वैजू मला तिचा उजवा हात धरू द्यायची नाही. मी आंघोळ करून आलो तरी नाही. "लांब," म्हणायची. "तुमच्या हाताला औषध असतं. धुतलं तरी राहतं. माझ्या बोटाला लागलं तर उद्या एक पान धरायचं नाही." ती रजा टाकायची त्या दिवशीच हात धरायचा. सव्वीस वर्षं आम्ही तसं वागलो. ती गेली आणि मी विसरून गेलो. यंत्राला काय होतंय, असंच वाटलं असेल. खरं तर काही वाटलंच नव्हतं. हात दिसला आणि धरला.

गुरुवारी संध्याकाळी मी. शुक्रवारी लॉट वाईट. शनिवार, रविवार जरा बरा. सोमवारी ठीक.

सर्जेराव म्हणाला, "काय रं? चक्कर आली का?"

मी त्याला पंप दिला, औषधाचं नाव लिहून दिलं. तो गेल्यावर शटर अर्धं ओढून आत बसलो.

*

दोन दिवस मी कुणाला काही बोललो नाही, त्या गुरुवारी पठारावरही गेलो नाही. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. मी गणित मांडत होतो. जाणं बंद केलं की लॉट आपोआप सुधारतील, कुणाला काही कळणार नाही. पण एक लॉट मोजायला चौदा दिवस लागतात. तोवर एक तारीख उलटून जाणार होती आणि हात काढलेला असणार होता. शिवाय कागदावर कायमचं राहिलं असतं की तिचा हात आजारी होता म्हणून लस पडली.

सांगितलं तर हात वाचेल. पण मला पुन्हा तो धरू देणार नाहीत.

शनिवारी सकाळी मी पठारावर गेलो. त्या दिवशी खोलीत गेलो नाही, हातही धुतले नाहीत. शाहीनसमोर दोन्ही तळवे टेबलावर ठेवले.

"याच्यावर काय आहे ते तपास," मी म्हणालो.

तिला लगेच कळलं. ती हुशार आहे. ती उठली आणि खिडकीपाशी गेली.

"काका," ती म्हणाली, "दोन तालुके."

"हो."

"लोकांची पिकं गेली. मी तीन महिने पाणी तपासलं, माती तपासली. मावशींचे रिपोर्ट काढून बघितले, त्यांना दुखायचं कधी सुरू झालं ते शोधायला." तिचा आवाज चढला. "आणि तुम्ही दर गुरुवारी माझ्याबरोबर चहा पीत होतात!"

"मला ठाऊक नव्हतं गं."

"मला ठाऊक असायला हवं होतं," ती म्हणाली आणि खुर्चीत बसली. "पंपवाल्या माणसाला मी साबणानं हात धुवायला लावले आणि आत सोडलं. पीएचडी आहे माझी याच्यात."

तिनं माझ्या आणि यंत्राच्या बोटांवरचे नमुने घेतले. संध्याकाळपर्यंत निकाल आला. बुरशीनाशक होतं. रोज सकाळी हात वाफेनं धुतात, पण औषध सिलिकॉनमध्ये मुरतं आणि मग तीन-चार दिवस थोडं थोडं बाहेर येत राहतं. गव्हाला किंवा माणसाला त्याचं काही होत नाही. दुबळ्या तांबेऱ्याला मात्र दहा लाखांत एक भागही पुरतो. दुबळा असल्यामुळेच तो मरायचा.

अभियंत्यांनी एक तारीख पंधरा दिवसांनी पुढं ढकलली. बोटांवरचं सिलिकॉन काढून नवीन बसवलं. केंद्रात बिघडलेली प्रत्येक गोष्ट मागच्या खड्ड्यात जाळतात. शाहीननं विचारलं, "जुनी बोटं तुम्हाला हवी आहेत का?" मी पिशवीतून ती काढून हातात घेतली. नुसतं रबर होतं. दाबलं तर दबायचं, सोडलं तर तसंच पडून राहायचं. तिचं जे होतं ते त्यात नव्हतं. मी म्हणालो, "जाळा."

नवीन बोटं बसवल्यापासून सोळाव्या दिवशी फोन आला. "काका, शुक्रवारच्या कुंड्या मोजल्या."

"किती?"

"शंभरात एक्याण्णव." फोनवर ती रडत होती की हसत होती, मला कळलं नाही. "हात राहिला, काका."

मी दुकानात उभा होतो. समोर गिऱ्हाईक होतं. मी त्याला म्हणालो, "पाच मिनिटं थांबा हं," आणि मागच्या मोरीपाशी जाऊन तोंड धुतलं.

शाहीननं अहवालात चूक स्वतःची म्हणून लिहिली. माझं नाव "भेट देणारी व्यक्ती" एवढंच आहे. तिला ताकीद मिळाली, वर्षभराची बढती गेली. मला पत्र आलं की यापुढे काचेच्या आत प्रवेश नाही, बाहेरून बघता येईल. पत्रात शिवी नव्हती, दंड नव्हता. मी ते दोनदा वाचलं आणि जपून ठेवलं.

*

एक काम राहिलं होतं. फेब्रुवारी संपता संपता मी सर्जेरावच्या शेतावर गेलो. फवारणीनं निम्मं पीक वाचलं होतं, निम्मं आडवं झालं होतं. तो बांधावर बसून एक लोंबी चोळत होता. तळहातावर दाणे आले. सुरकुतलेले, जिऱ्याएवढे.

मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. करंगळीचंही सांगितलं. ते सांगितल्याशिवाय बाकीचं समजलं नसतं.

त्यानं दाणे खाली टाकले. "म्हणजे माझा गहू तुझ्यामुळं गेला."

"व्हय."

"मी तुझ्याकडंच पंप न्यायला आलो. तू मला औषध लिहून दिलंस."

"व्हय."

"आरं, शिव्या तरी काय घालाव्यात माणसानं?" तो उठला, चार पावलं गेला, परत आला आणि मग त्यानं शिव्या घातल्या. शाळेपासूनच्या ओळखीत जेवढ्या येतात तेवढ्या सगळ्या. मी ऐकून घेतल्या. शेजारच्या वावरातला माणूस खुरपं थांबवून बघायला लागला.

सर्जेराव दमला आणि बसला. मीही बसलो.

मग तो म्हणाला, "माझी शांता गेली तवा वैनी तेरा दिवस माझ्या घरी भाकरी पाठवत होत्या. तुला ठाऊक हाय?"

"मीच आणून द्यायचो की."

"तू आणून द्यायचास. थापायच्या त्या." त्यानं बाहीनं तोंड पुसलं. "तो हात मला दाखव."

"काचेबाहेरून बघावं लागतं."

"बाहेरून तर बाहेरून."

मार्चच्या पहिल्या सोमवारी मी त्याला पठारावर नेलं. त्यानं धुतलेला सदरा घातला होता, डोक्यावर टोपी होती. गेटवर शाहीन आली. मी ओळख करून दिली, "यांचा अडीच एकर गहू." तिनं हात जोडले. ती काही बोलायच्या आत सर्जेराव म्हणाला, "असू द्या, बाई. तुम्ही लस काढली म्हणून मागली दोन सालं मी पेरलं तरी. न्हाईतर मी गहू सोडलाच होता."

सकाळचे अकरा वाजले होते. काचेपलीकडे कुंड्या सरकत होत्या. हिरवी, सात दिवसांची रोपं, बोटभर उंच. तीन राखाडी बोटं स्पंजला टेकत होती, पान धरत होती, खालून वर जात होती. एक पान, दुसरं पान. आम्ही दोघं शेजारी शेजारी उभे होतो. माझे हात मी खिशात ठेवले होते.

रांग संपली. हात वर आला, मनगटाला झटका बसला.

सर्जेराव दचकला. "आरं," तो हळू आवाजात म्हणाला, "ह्या तर वैनी."

पावणेदोन वर्षांत पहिल्यांदाच तिला माझ्याशिवाय दुसऱ्या कुणी ओळखलं होतं.

त्यानं टोपी काढली आणि काचेच्या अगदी जवळ गेला. त्याच्या श्वासानं काचेवर वाफ धरली. ती त्यानं टोपीनं पुसली. मग गावात बाईमाणसाशी बोलताना नजर जराशी खाली ठेवतात, तशी ठेवून तो बोलला.

"वैनी, मी सर्जेराव. औंदा जे झालं ते झालं. ह्यानं मला सगळं सांगितलं, म्या त्याला शिव्या बी घातल्या. आता तुमच्या मनात काही ठेवू नका. पुढल्या साली पाच एकर गहू करणार हाय. जरा माझ्या वाटणीच्या पानांकडं बघा."

काचेपलीकडे पुढची रांग आली. बोटं स्पंजला टेकली आणि पहिल्या पानाकडे गेली. हात थांबला नाही, इकडे वळलाही नाही. कामात असली की वैजू कुणी हाक मारली तरी अशीच मान वर करायची नाही.

सर्जेरावनं टोपी घातली. "ऐकलंय त्यांनी," तो मला म्हणाला. "चल, कामात हायत."